यंत्राच्या आत बसलेला मुलगा

(बरखेडा, भोपाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एका जपानी कार्टून मालिकेवर स्मृतिव्याख्यान द्यायचं म्हटल्यावर संयोजकांनी मोकळ्या मनाने होकार दिला, त्याबद्दल आधी त्यांचे आभार. पुढच्या रांगांतल्या ज्येष्ठांना हा विषय पोरासोरांचा वाटला असेल आणि मागे भिंतीशी उभ्या असलेल्या मुलांना तो आपला वाटला असेल. मला आज दोघांशीही बोलायचं आहे. कारण ही मालिका मुळात एका बापाची आणि मुलाची आहे. बाप इंजिनिअर. तो एक यंत्र बनवतो आणि त्या यंत्रात त्याचाच मुलगा जाऊन बसतो. बरखेड्यात घराघरातून कुणी ना कुणी भेलच्या फॅक्टरीत हयात घालवली आहे. ही गोष्ट सांगायला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

पन्नाशीकडे झुकलेल्यांना दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' आठवत असेल. जपानमध्ये 1967 साली आलेली ती मालिका आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दिसली. एक लहान मुलगा मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडतो आणि अजस्र यंत्रमानव उडत येऊन शत्रूचा चुराडा करतो. समोरचा शत्रू राक्षसी, तो मेला की आपण टाळ्या वाजवायच्या. शेवटच्या भागात मात्र हा यंत्रमानव मुलाचा हुकूम मोडतो, शत्रूला कवटाळून आकाशात जातो आणि त्याच्यासकट स्वतःलाही संपवतो. अनेक घरांत त्या दिवशी मुलं रडली असतील. पण एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. त्या संबंध मालिकेत खरा नैतिक निर्णय घेतला तो यंत्राने. मुलाला तो घ्यावाच लागला नाही. तो शेवटपर्यंत हुकूम देणाराच राहिला, सुरक्षित अंतरावर.

हे अंतर ज्या मालिकेने मोडून काढलं ती 'मोबाइल सूट गुंडम'. 7 एप्रिल 1979 रोजी ती नागोया टीव्हीवरून सुरू झाली. सनराइज ही निर्मितीसंस्था, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, पात्रांची चित्रं योशिकाझु यासुहिको यांची आणि यंत्रांची रचना कुनियो ओकावारा यांची. पैसा क्लोव्हर या खेळणी कंपनीचा. कंपनीला हवी होती दर आठवड्याला एक शत्रू आणि एक विजय देणारी, खेळणी खपवणारी मालिका. तोमिनोंनी ती चौकट स्वीकारली आणि आत खरं युद्ध आणून ठेवलं. प्रेक्षक कमी पडले, खेळणी खपेनात, म्हणून 52 भागांची योजना गुंडाळून 26 जानेवारी 1980 रोजी 43व्या भागावर ती संपवण्यात आली. पुढे पुनःप्रक्षेपणांनी तिला प्रेक्षक मिळवून दिले. 1981 आणि 1982 मध्ये तिच्यावरून तीन चित्रपट झाले आणि मग ती थांबलीच नाही. आजही तिच्या नव्या मालिका येत आहेत.

कथा थोडक्यात सांगतो. पृथ्वीवर माणसं मावेनाशी झाली म्हणून अंतराळात प्रचंड नळकांड्यांच्या आकाराच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतली झिऑन नावाची वसाहत पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध पुकारते. पहिल्या महिनाभरात दोन्ही बाजूंनी मिळून अर्धी मनुष्यजात मारली, हे निवेदक अगदी सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण काय करून बसलो, या जाणिवेने माणसं भेदरली आहेत, आणि तरी युद्ध चालूच आहे. इथे परग्रहावरून कुणी आलेलं नाही. झिऑनच्या मागणीत तथ्य आहे, पण ती मागणी आता एका हुकूमशहा घराण्याच्या हाती गेली आहे. पृथ्वीची सत्ता कायदेशीर आहे, पण सुस्त आणि आत्मसंतुष्ट. कुणाच्या बाजूने उभं राहायचं याचं सोपं उत्तर पाहणाऱ्याला मिळत नाही.

आता पहिला भाग जरा जवळून पाहू. टेम रे हा लष्करासाठी काम करणारा इंजिनिअर 'गुंडम' हे नवं लढाऊ यंत्र ताब्यात घेण्यासाठी एका वसाहतीकडे निघाला आहे. जहाजावरच्या खोलीत त्याच्याजवळ मुलाचा फोटो आहे. शेजारच्या तरुण अधिकाऱ्याला तो विचारतो, या वयाची मुलं गनिमी लढायांत उतरतात असं ऐकतो, ते खरं का? अधिकारी म्हणतो, हो, खरं आहे. टेमला वाईट वाटतं. प्रसंग जेमतेम मिनिटभराचा असेल. त्याच दिवशी वसाहतीवर हल्ला होतो. पळापळीत त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अमुरो वडिलांना गाठतो, तेव्हा बाप लोकांना सोडून गुंडमचे भाग जहाजावर चढवण्याच्या घाईत असतो. माणसांपेक्षा हे यंत्र मोठं का, असं पोरगं चिडून विचारतं. काही क्षणांतच शेजारच्या फ्राऊ बो या मुलीची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांदेखत स्फोटात मरतात. अमुरो तिला पळायला सांगतो, स्वतः गुंडमच्या आत चढतो आणि हातातलं माहितीपुस्तक चाळत ते यंत्र सुरू करतो.

त्यानंतर जे घडतं ते मुलांच्या मालिकेत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. अमुरो शत्रूचं पहिलं यंत्र मधोमध कापतो. त्याचा स्फोट होतो, वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि त्या भगदाडातून बाहेरच्या पोकळीत फेकले जातात त्यांत त्याचा बापही असतो. मुलाला हे ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की पुन्हा स्फोट झाला तर वसाहतीतली आणखी माणसं मरतील. म्हणून दुसऱ्या यंत्राशी लढताना तो ठरवतो की इंजिनला धक्का लावायचा नाही, फक्त चालक बसतो त्या जागी वार करायचा. आपल्या माणसांना वाचवायचं तर समोरच्या माणसावरच नेम धरावा लागतो, हा त्याचा पहिला धडा. पंधराव्या वर्षी, यंत्रात बसल्यापासून काही मिनिटांत.

टेम रेपाशी मला अंमळ रेंगाळायचं आहे, कारण त्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. चाहते बोलतात ते अमुरोबद्दल, त्याचा प्रतिस्पर्धी शार अझ्नाबलबद्दल. टेम वाईट माणूस नाही. हे यंत्र लवकर तयार झालं तर युद्ध लवकर संपेल आणि मुलांना लढावं लागणार नाही, असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्या चांगुलपणातूनच त्याच्या मुलाच्या वाट्याला ते आसन येतं. बऱ्याच भागांनंतर बापलेकांची पुन्हा भेट होते. अंतराळात प्राणवायू कमी पडल्यामुळे बापाच्या मेंदूला इजा झालेली आहे. समोर आपला मुलगा उभा आहे, आणि हा विचारतो गुंडम कसा लढतोय ते. मग तो मुलाच्या हातात एक सुटा भाग ठेवतो, हा बसव, गुंडमची ताकद वाढेल म्हणून. तो भाग केव्हाच कालबाह्य झालेला आहे. बाहेर आल्यावर अमुरो तो रस्त्यावर आपटतो. रागापेक्षाही भयंकर काहीतरी त्या आपटण्यात आहे. आपल्या बापाजवळ आपल्याला द्यायला एवढंच उरलं, हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं.

तोमिनोंचा जन्म 1941चा, ओदावारा शहरातला. त्यांचे वडील युद्धकाळात लष्करी कामाशी जोडलेले तंत्रज्ञ होते. जपानच्या शरणागतीची घोषणा झाली त्या 15 ऑगस्ट 1945च्या पहाटेआधी ओदावारावर बाँब पडले. युद्ध संपायला काही तास राहिले असताना. तोमिनो तेव्हा जेमतेम पावणेचार वर्षांचे होते. त्यांच्या पिढीतल्या अनेकांनी सैनिकांवर लिहिलं. लष्करी यंत्र बनवणाऱ्या सुशिक्षित, सज्जन बापावर फार थोड्यांनी लिहिलं, आणि मला वाटतं टेम रेच्या मागे तोमिनोंचं स्वतःचं घर उभं आहे.

आपली बरखेड्याची वसाहतही कारखान्यासाठीच वसली. 1956 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, 6 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला, आणि 1974 मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या कुटुंबांबरोबर इथे मराठी कुटुंबंही आली. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुऱ्याच्या क्वार्टरांत मराठी गणपती बसू लागले, दिवाळी अंक हातोहात फिरू लागले. इथे घडलं ते धरणांवरची टर्बाइन्स, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे इंजिनांच्या मोटारी. त्यांनी खेड्यांत दिवे लावले, आगगाड्या ओढल्या. पण याच शहरात दुसरा एक कारखाना होता आणि त्याचं नाव न घेता भोपाळमध्ये यंत्र आणि नीती यांवर बोलता येत नाही.

2 डिसेंबर 1984च्या मध्यरात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन विषारी वायू सुटला. तो वायू ज्या टाकीत होता ती थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. गळती जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळापासून तोडलेला होता. 1982 मध्ये राजकुमार केसवानी या पत्रकाराने हे शहर धोक्यात असल्याचं स्पष्ट शब्दांत छापलं होतं. म्हणजे कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. आकृत्या काढणारे, नोंदी ठेवणारे, खर्च कापणारे, सह्या करणारे असे कितीतरी हात त्या रात्रीपर्यंत पोचणाऱ्या साखळीत होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपलं काम छोटं वाटलं असणार. राज्य सरकारच्या नोंदीत 3,787 मृत्यू आहेत. मग कितीतरी वर्षं माणसं मरतच राहिली.

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक कामावर होते. प्लॅटफॉर्मवर गोरखपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी उभी होती. डोळे जळत होते, श्वास कोंडत होता. ठरलेल्या वेळेआधी, नियमातल्या परवानगीची वाट न पाहता, त्यांनी ती गाडी सोडली. स्वतः मात्र स्टेशन सोडलं नाही. पुढची सगळी वर्षं आजारपणात काढून 2003 मध्ये ते गेले. कार्बाइडच्या यंत्रणेत ज्यांच्यासमोर माणसं नव्हती, फक्त आकडे होते, त्यांना निर्णय घेता आला नाही. दस्तगीरांसमोर डब्यांतले चेहरे होते. मला गुंडमबद्दल जे म्हणायचं आहे ते इथे येऊन पोचतं. त्या मालिकेत माणूस मोठा होतो तो शौर्याने नव्हे. यंत्राच्या काचेपलीकडचा माणूस त्याला जितका दिसू लागतो, तितकाच तो मोठा होतो.

त्यासाठी तोमिनोंनी केलेली एक योजना फार विचारपूर्वक आहे. या कथेतल्या जगात मिनोव्स्की कण नावाचे काल्पनिक कण आहेत. ते पसरले की रडार आंधळं होतं, दूरचं नियंत्रण तुटतं. म्हणून क्षेपणास्त्रांच्या काळातही माणसांना परत नजरेच्या टप्प्यात येऊन, यंत्रात बसून, समोरासमोर लढावं लागतं. हे महाकाय यंत्रमानवांना वाव देण्यासाठी केलेलं निमित्त आहे, हे उघड आहे. पण त्या निमित्तामुळे मारणाऱ्याला मरणारा पुन्हा दिसू लागतो.

अमुरोचं मोठं होणं सरळ रेषेत जात नाही. नवव्या भागात तो थकून, भेदरून अंथरुणातच पडून राहतो, मी नाही जाणार म्हणतो. ब्राइट नोआ, त्याच्याहून चारच वर्षांनी मोठा असलेला कप्तान, त्याच्या कानशिलात मारतो. वडिलांनीसुद्धा कधी हात उगारला नव्हता, असं अमुरो कळवळून म्हणतो. जपानमध्ये हा प्रसंग इतका गाजला की त्यावर आजही नकला होतात. मला तो पाहताना हसू येत नाही. ब्राइट स्वतः एकोणीस वर्षांचा आहे, वरिष्ठ अधिकारी मेले म्हणून त्याच्या खांद्यावर जहाज पडलं आहे. दोन भेदरलेल्या मुलांपैकी एकाला अधिकार मिळालाय, एवढाच फरक. आणि अमुरो शेवटी उठतो तो थपडेने नाही. फ्राऊ बो म्हणते, मग मीच गुंडम चालवते, तेव्हा तो उठतो. अर्जुनाला प्रश्न पडला तेव्हा रथावर कृष्ण होता. गुंडममध्ये एकच आसन आहे.

पुढे आपल्याला गुंडमवरून काढणार असल्याचं कानावर येताच अमुरो यंत्रासकट पळून जातो. हे पळणं अहंकाराचं आहे, मालिका ते लपवत नाही. वाळवंटातल्या एका खानावळीत त्याची रांबा राल या शत्रूच्या अनुभवी सेनाधिकाऱ्याशी गाठ पडते. दोघांनाही एकमेकांची ओळख नाही. रालच्या सोबतची स्त्री त्याला खाऊ घालू पाहते. पोरगं नाकारतं, फुकट घ्यायचं कारण नाही म्हणतं. रालला ते बाणेदार उत्तर आवडतं. पुढे पोरगं शत्रू असल्याचं कळूनही राल त्याला जाऊ देतो. मग रणांगणावर दोघांच्या यंत्रांची पुढची कवचं कापली जातात आणि दोघं एकमेकांना पाहतात. खानावळीतलं तेच पोर! राल जाता जाता बजावतो की जिंकलास ते तुझ्या यंत्राच्या ताकदीने, स्वतःबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. अमुरोला यापुढे यंत्राचा नव्हे, त्या माणसाच्या तोडीचा व्हायचं असतं. ज्याच्याकडून शिकावं असा पहिला मोठा माणूस त्याला शत्रूच्या छावणीत भेटला, आणि तो लवकरच मरतो.

पण ज्या भागाने मला या मालिकेशी कायमचं बांधून टाकलं तो तेरावा. अमुरो सुट्टीत आपल्या जुन्या गावी जातो. आई पृथ्वीवरच राहिली होती, अंतराळातलं जगणं तिला मानवलं नव्हतं. घरात सैनिकांनी ठाण मांडलेलं. आई निर्वासितांच्या छावणीत सेवेला आहे असं कळतं. भेट होते, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. तेवढ्यात शत्रूचे शिपाई झडतीला येतात. आई मुलाला रुग्ण म्हणून खाटेवर झोपवते. शिपाई जवळ येतो, चादर उचलू लागतो, आणि चादरीखालून अमुरो गोळी झाडतो. शिपाई कोसळतो. आई किंचाळते. त्या माणसालाही घरदार, बायकापोरं असतील, तू असा कसा झालास, असं ती म्हणते. मुलाला ते सहन होत नाही. मी मेलो असतो तर चाललं असतं का तुला, माझ्यावर प्रेम नाही का तुझं? आईचं प्रेम नसतं असं कधी होतं का, असं तिचं उत्तर; आणि हे खोटं आहे, असं त्याचं.

दोघंही बरोबर आहेत. आईने त्याला कमी लेखलेलं नाही, तिने शत्रूतला माणूस पाहिला. मुलाने स्वतःचा जीव वाचवला, आणि कदाचित तिचाही. पण तिच्या मुलाचं बालपण जिथे गेलं त्या युद्धात ती नव्हती, आणि ते कसं गेलं हे तिला आता समजून घेता येत नाही. भागाच्या शेवटी अमुरो निघतो तेव्हा आईला मिठी मारत नाही. तो ताठ उभा राहून लष्करी सलाम करतो. आई जमिनीवर बसून रडते. आपल्याकडे सीमेवर गेलेल्या मुलांच्या आया या प्रसंगाबद्दल काय म्हणतील, हे मला खरंच ऐकायला आवडेल. पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी मोठेपणाचं भाषण न देता, एका सलामात त्याचं मोठं होणं आणि त्याचं हरवणं एकदम दाखवणं, हे मोठ्या लेखकाचं काम आहे.

लगेच पंधराव्या भागात कुकुरुस डोआन येतो. शत्रूचा हा शिपाई सैन्यातून पळून एका बेटावर राहतो आहे, काही अनाथ मुलांना सांभाळतो आहे. मुलं अमुरोवर दगड मारतात, आमच्या डोआनला त्रास देऊ नकोस म्हणून. हळूहळू कळतं की या मुलांचे आईबाप डोआनच्याच हातून मेले. मुलांनाही मारायचा हुकूम झाला तेव्हा त्याने हुकूम मोडला आणि त्यांना घेऊन पळाला. त्याच्या यंत्राकडे शस्त्र उरलेलं नाही. पाठलाग करून आलेल्यांशी ते दगड घेऊन लढतं. शेवटी अमुरो ते यंत्र उचलून समुद्रात फेकतो. तुझ्या अंगाला लागलेला युद्धाचा वास त्यांना इकडे खेचून आणतो, असं त्याचं म्हणणं. डोआनने प्रायश्चित्त केलं, पण यंत्र जवळ बाळगलं, आणि या गोष्टीत प्रायश्चित्त आणि शस्त्र एकत्र नांदू शकत नाहीत. या भागाची चित्रं फारशी जमली नव्हती. तोमिनोंच्या सांगण्यावरून तो अमेरिकेतल्या आवृत्तीतून वगळला गेला. पण यासुहिकोंना तो विसरता आला नाही. 2022 मध्ये त्यांनी त्याच गोष्टीवर अख्खा चित्रपट काढला.

लाला सून ही या मालिकेतली तुमच्या-आमच्या ओळखीची वाटेल अशी मुलगी. सावळी, कपाळावर टिकली. ती शारच्या बाजूने लढते. तिचं आणि अमुरोचं मन न बोलता जुळतं. शत्रूच्या काचेपलीकडचा माणूस इतक्या जवळून त्याला याआधी कधीच दिसलेला नसतो. लढाई चालू असताना ती त्याला विचारते, तुझं गाव नाही, घर नाही, जपायला कुणी नाही, मग तू का लढतोस? अमुरोला उत्तर देता येत नाही. तेवढ्यात शार मध्ये येतो, त्याला वाचवायला लाला पुढे होते आणि अमुरोचा वार तिच्यावर बसतो. एका व्यक्तीला सर्वांत जास्त ओळखलं आणि तिलाच मारलं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे ओझं आयुष्यभर पुरेल, आणि मालिकेने ते त्याच्या खांद्यावरून कधीच उतरवलं नाही.

आता एक आक्षेप, तो घ्यायलाच हवा. युद्धाचा धिक्कार करणारी ही मालिका चालते ती लढाऊ यंत्रांच्या प्रतिकृती विकून. बंदाईने जुलै 1980 मध्ये गुंडमचे प्लास्टिकचे जुळणीसंच आणले आणि सगळं अर्थकारण त्यावर उभं राहिलं. मुलं जोडतात ते शस्त्रच. लढाई सुंदर दिसते, यंत्र देखणं दिसतं, आणि देखणेपणात धिक्कार विरघळून जातो, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. तो धोका खरा आहे. पण धोका टाळायला तोमिनोंनी यंत्र कुरूप केलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. शस्त्रं देखणी असतात, म्हणूनच माणसं त्यांच्याकडे ओढली जातात. 26 जानेवारीच्या संचलनात आपल्याही मुलांचे डोळे रणगाड्यांवर खिळतात. ती ओढ मान्य करून, त्या मुलाला त्या आसनावर बसवून, मग काचेपलीकडे कोण आहे ते दाखवणं, हा मला जास्त प्रामाणिक मार्ग वाटतो.

'झेटा गुंडम' ही पुढची मालिका 2 मार्च 1985 रोजी सुरू झाली, भोपाळच्या त्या रात्रीनंतर तीन महिन्यांनी. त्यात एक वसाहत विषारी वायूने संपवल्याची गोष्ट आहे. सत्तेविरुद्ध निदर्शनं झाली म्हणून आत वायू सोडला गेला आणि बातमी दाबून टाकली. नायक त्या निर्मनुष्य वसाहतीत जातो आणि वर्षं लोटली तरी तशीच पडून असलेली प्रेतं पाहतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण भोपाळमध्ये वाढलेला माणूस तो भाग शांतपणे पाहू शकत नाही, आणि त्याने शांतपणे पाहूही नये. या मालिकेचा नायक कामिल बिदान, त्याचेही आईवडील दोघं लष्करी यंत्रांच्याच कामात. आईचा त्याच्या डोळ्यांदेखत ओलीस म्हणून बळी जातो. इतरांचं दुःख या मुलाला अमुरोपेक्षाही जास्त जाणवतं, आणि शेवटच्या भागात ते सगळं दुःख एकदम कोसळून त्याचं मन मोडतं. दुसऱ्याला पाहण्याची किंमत इतकीही असू शकते, हे तोमिनोंनी लपवलं नाही.

मागे उभ्या मुलांपैकी काहींनी 2022 आणि 2023 मध्ये आलेली 'द विच फ्रॉम मर्क्युरी' पाहिली असेल. तीत माणसाच्या शरीराशी जोडलं जाणारं एक तंत्र आहे. ते मुळात अंतराळात शरीराला आधार देण्यासाठी, औषधोपचारासाठी शोधलेलं, मग शस्त्र झालेलं. मिओरिने नावाची मुलगी कंपनी काढते आणि ते तंत्र पुन्हा उपचाराकडे वळवू पाहते. या वसाहतीतून इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामुलींनी ही मालिका पाहावी. यंत्र कुणाच्या हातात जाणार हा प्रश्न यंत्र बनवतानाच विचारावा लागतो, हे टेम रेला उशिरा कळलं. मिओरिने तो आधी विचारते.

अमुरोचं पुढे काय होतं, ते सांगून थांबतो. पहिल्या मालिकेच्या शेवटी तो गुंडम मागे टाकून, लहान विमानातून मित्रांकडे परततो, आणि आपल्याला परतायला जागा आहे म्हणून त्याला रडू येतं. पाहणाऱ्याला वाटतं, मुलगा मोठा झाला, संपलं. 'झेटा'मध्ये तो सात वर्षांनी भेटतो. सत्तेने त्याला मोठ्या बंगल्यात, नोकरचाकरांत, पाळत ठेवून बसवलं आहे. अंतराळात जायची त्याला भीती वाटते, तिथे लाला भेटेल म्हणून. फ्राऊ बोचं कुटुंब त्याला भेटायला येतं. त्यांनी सांभाळलेला कात्झ, जो युद्धात त्याच जहाजावर होता, तो त्याला तोंडावर विचारतो की तू इथे असा का बसून आहेस. अमुरो गप्प राहतो. पुढे तो निघतो, मालवाहू विमान घेऊन. वर शत्रूचं यंत्र त्याच्या जुन्या साथीदारांवर चालून जात असतं. त्याच्याकडे ना गुंडम, ना बंदूक. तो ते विमान त्या यंत्रावर नेऊन आदळवतो आणि छत्रीने खाली उडी टाकतो.